नळ्या स्वच्छ, तरी हृदय आजारी

मिरजेत किंवा कऱ्हाडात कॅथलॅबच्या दाराशी ताटकळलेल्या नातेवाइकांना डॉक्टरांकडून एकच गोष्ट ऐकायची असते: नळ्या स्वच्छ आहेत, ब्लॉक नाही. ते कानावर पडलं की म्हातारी देवाला हात जोडते, कुणीतरी गावाकडं फोन लावून ‘काय न्हाई, गॅस हुता’ म्हणून सांगून टाकतं आणि घरी न्यायची घाई सुरू होते. पण छातीत दुखून आलेल्या, कार्डिओग्रामची पट्टी बिघडलेल्या, रक्तात ट्रोपोनिन वाढलेल्या माणसाच्या नळ्या स्वच्छ निघाल्या, तर तपास तिथं संपत नाही. दुखलं कशामुळं, हा प्रश्न तसाच उरतो. तरुण माणसाच्या बाबतीत त्याचं उत्तर बऱ्याचदा हृदयस्नायूचा दाह, म्हणजे मायोकार्डायटिस, हे असतं.

समजा, खटाव तालुक्यातला तेवीस वर्षांचा पोरगा आहे. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे सोळाशे मीटर पळतो. आठवडाभरापूर्वी त्याला ताप आला, घसा धरला, अंग मोडून आलं. दोन दिवस गोळ्या घेतल्या, ताप उतरला, तिसऱ्या दिवशी गडी पुन्हा मैदानावर. चार दिवसांनी रात्री छाती आवळल्यासारखी होते, घाम फुटतो. वडूजला कार्डिओग्राम काढला तर हृदयविकाराच्या झटक्यात दिसतात तसेच बदल. डॉक्टर १०८ची रुग्णवाहिका बोलावून त्याला पुढं पाठवतात. इथपर्यंत सगळं अगदी योग्य झालं. पुढं ॲन्जिओग्राफीत हृदयाच्या रक्तवाहिन्या कोऱ्या करकरीत दिसतात, आणि खरी परीक्षा तिथून सुरू होते.

झटक्यात हृदयाला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी गुठळीनं बंद पडते आणि तिच्यावर जगणारा स्नायू मरू लागतो. दाहात रक्तपुरवठा चालू असतो, पण स्नायूवरच हल्ला होतो. आधी बहुधा विषाणूचा, मग त्या विषाणूला हुसकावायला आलेल्या आपल्याच प्रतिकारपेशींचा. दोन्हींत स्नायूच्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं. स्नायू दुखावला, एवढंच ट्रोपोनिन सांगतं. कुणी दुखावला ते सांगत नाही. म्हणून ‘ट्रॉप पॉझिटिव्ह’ म्हणजे झटकाच, असं धरून चालणं चुकीचं. कार्डिओग्रामचंही तसंच.

मग लक्षणांवरून फरक कळत नाही का? थोडाफार कळतो. आधीच्या एक ते तीन आठवड्यांत ताप, सर्दी-खोकला किंवा जुलाब होऊन गेलेले असतात. हृदयाभोवतीचं आवरणही सुजलं असेल, तर दीर्घ श्वास घेताना किंवा आडवं झाल्यावर दुखणं वाढतं आणि पुढं वाकून बसल्यावर बरं वाटतं. कार्डिओग्राममधले बदल कुठल्या एका वाहिनीच्या हद्दीत मावत नाहीत, सगळीकडं पसरलेले दिसतात. पण यातलं काहीही पक्कं नाही. ‘तरुण आहे, त्याला कसला अटॅक’ हे वाक्य तर आपल्याकडं फारच घातक. इंटरहार्ट या बावन्न देशांतल्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो असं दिसलं. त्यात आपल्याकडं तंबाखूचा बार, गुटखा आणि मिश्री घरोघरी. पस्तिशीतल्या माणसाची वाहिनी खरोखर बंद पडलेली सापडणं ही साताऱ्या-सांगलीत नवलाची गोष्ट राहिलेली नाही. तेव्हा छातीत दुखणाऱ्याला आधी झटकाच समजायचं, वय काहीही असो. दाहाचा विचार झटका नाकारल्यानंतरचा.

यात एक अडचण आहे. कॅथलॅब दूर असते तिथं झटक्याच्या रुग्णाला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. जत, आटपाडी किंवा माण तालुक्यातून मोठ्या रुग्णालयात पोचायला वेळ लागतो, त्यामुळं तिथल्या डॉक्टरला हा निर्णय पट्टी बघून काही मिनिटांत घ्यावा लागतो. दाहाच्या रुग्णाला त्या इंजेक्शनाचा उपयोग शून्य, आणि रक्तस्रावाचा धोका मात्र अंगावर. हृदयाच्या आवरणाला सूज असेल तर तो अधिकच. तरीही त्या डॉक्टरला दोष देता येत नाही. आधीच्या तापाची हकिकत नातेवाइकांनी आपणहून सांगितली, तर त्याचं काम सोपं होतं. ‘चार दिवसांपूर्वी ताप होता’ हे छातीच्या दुखण्याशी संबंधित नाही असं समजून लोक सांगतच नाहीत.

झटका म्हणून दाखल झालेल्या शंभरातल्या साधारण सहा जणांच्या वाहिन्यांत मोठा अडथळा सापडत नाही. असे रुग्ण एमआरआयखाली घातले तेव्हा त्यांतल्या सुमारे एक तृतीयांशांमध्ये दाह निघाला. बाकीच्यांत काहींना खराच झटका येऊन गुठळी आपोआप विरघळलेली असते, काहींची वाहिनी तात्पुरती आकसलेली असते, तर काहींना, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांना, मोठ्या मानसिक धक्क्यानंतर हृदयाचं टोक फुगून बसण्याचा ताकोत्सुबो नावाचा विकार असतो. प्रत्येकाचं औषध वेगळं. दाहाच्या रुग्णाला झटक्याचं लेबल लागलं, तर तो रक्त पातळ करणाऱ्या दोन-दोन गोळ्या वर्षानुवर्षं विनाकारण खात राहतो. उलट ‘गॅस’ म्हणून घरी गेला तर त्याहून वाईट.

हृदयाचा एमआरआय ही इथली कळीची तपासणी. तो हा भेद कसा ओळखतो, हे ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यांत समजावणं सोपं आहे. पाटाचं पाणी तुटलं की सगळ्यात आधी पाटापासून लांबच्या सरीतला ऊस वाळतो. हृदयाच्या मोठ्या वाहिन्या बाहेरच्या पृष्ठभागावरून जातात, त्यामुळं रक्त तुटलं की सर्वांत लांबचा, म्हणजे आतला थर आधी मरतो आणि तिथून इजा बाहेर सरकते. हुमणी लागलेला ऊस मात्र पाणी असूनही मध्येच कुठंतरी ठिगळांनी वाळतो. दाहाची इजा तशीच: बाहेरच्या थरात किंवा भिंतीच्या मधोमध, बहुतेकदा डाव्या कप्प्याच्या बाजूच्या भिंतीत, आणि कुठल्याही एका वाहिनीच्या हद्दीशी न जुळणारी. गॅडोलिनियम नावाचं द्रव्य शिरेतून दिलं की इजा झालेला भाग चित्रात उजळतो आणि ही नक्षी डोळ्यांना दिसते. सूजही वेगळ्या चित्रांत मोजता येते. या वाचनाचे निकष लेक लुईस या नावानं ओळखले जातात. ते २००९ मध्ये ठरले आणि २०१८ मध्ये सुधारले.

मात्र गुडघ्याचा किंवा मणक्याचा एमआरआय काढणाऱ्या प्रत्येक केंद्रात हृदयाचा निघत नाही. हलत्या हृदयाची चित्रं ठोक्याशी जुळवून घ्यावी लागतात. त्यासाठी वेगळी प्रणाली लागते आणि वाचणारा माणूसही सरावाचा लागतो. शिवाय सूज ओसरण्याआधी, म्हणजे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तपासणी झाली तरच ती नीट बोलते. तीन महिन्यांनी पैसे जमल्यावर केलेला एमआरआय बऱ्याचदा निम्मीच गोष्ट सांगतो. मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय काढल्यापासून या पट्ट्याला उपचारांसाठी लांबून माणसं येण्याची सवय आहे, कऱ्हाडातही वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय आहे. तेव्हा तपासणी जवळपास कुठं होते हे डॉक्टरांनाच विचारावं. कोल्हापूर किंवा पुणे गाठायची वेळ आली तरी ती फेरी वाया जात नाही.

टू-डी इको सगळीकडं होतो आणि तो लागतोच. हृदय किती जोरानं आकुंचन पावतं हे त्यात कळतं, आणि पुढचं भवितव्य बरंचसं त्यावर ठरतं. पण इको नॉर्मल आला म्हणजे दाह नाही, असं म्हणता येत नाही. हृदयाचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं ही सर्वांत खात्रीची परीक्षा. ती मोजक्याच रुग्णांत करतात, कारण तुकडा मिलिमीटरभराचा आणि दाह ठिगळांचा. नेमक्या जागी चिमटा लागला नाही तर तुकडा निरोगीच निघतो. हृदय झपाट्यानं ढासळत असेल, ठोके भलतेच चुकत असतील, तर मात्र बायॉप्सी टाळू नये. जायंट सेल मायोकार्डायटिस नावाचा दुर्मीळ आणि जीवघेणा प्रकार त्यातूनच पकडता येतो, आणि त्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वेळेत सुरू झाली तर जीव वाचू शकतो.

कारणांची यादी लांबलचक आहे. कॉक्सॅकी, ॲडिनो, पार्वो, इन्फ्लुएन्झा हे विषाणू जगभर सापडतात. आपल्याकडं त्यात डेंग्यू आणि स्क्रब टायफस यांची भर. पावसाळा संपता संपता तापाच्या रुग्णाची नाडी विनाकारण मंद किंवा फार जलद झाली, धाप लागू लागली, तर केवळ प्लेटलेट्स मोजत बसू नये. घटसर्पात तर आजार सुरू होऊन आठवडा-दोन आठवडे झाल्यावर, घसा सुधारून पोर बरं झालं असं वाटत असताना, जंतूचं विष हृदयावर उतरतं. त्या रोगातल्या मृत्यूंचं मोठं कारण तेच. लसीनं हा धोका जवळजवळ पुसला जातो, पण लस चुकवणारी घरं अजून आहेत.

लसीचा विषय निघाला की करोनाचा येणारच. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात एकाच कुटुंबाच्या संपर्कातून दोन डझनांहून अधिक रुग्ण निघाले आणि सांगली जिल्हा राज्याच्या नजरेत आला. पुढं लसीकरण सुरू झाल्यापासून कुणी तरुण अचानक गेला की गावात एक वाक्य ठरलेलं असतं: लशीनं गेला. खरी गोष्ट अशी. मायोकार्डायटिसचा सिद्ध झालेला संबंध मुख्यतः फायझर आणि मॉडर्ना यांच्या एमआरएनए लशींशी आहे. इस्रायलमधल्या मोठ्या पाहणीत तो लाखात दोघांच्या आसपास आढळला, तरुण मुलग्यांत सुमारे दहा, आणि बहुतेकांचा आजार सौम्य होता. सातारा-सांगलीत लोकांनी घेतल्या त्या कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन. त्या एमआरएनए प्रकारच्या नाहीतच. उलट प्रत्यक्ष करोना झालेल्यांत हृदयस्नायूच्या दाहाचा धोका न झालेल्यांच्या जवळजवळ सोळापट असल्याचं अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींत दिसलं. आयसीएमआरनं १८ ते ४५ वयोगटातल्या अचानक मृत्यूंचा देशातल्या ४७ रुग्णालयांतून अभ्यास केला आणि तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लशीमुळं धोका वाढल्याचं दिसलं नाही. वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या करोनासाठी रुग्णालयात राहिलेलं असणं, घरात अशा मृत्यूचा इतिहास असणं, मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत भरपूर दारू पिणं आणि जबर शारीरिक श्रम करणं.

झटक्याचं सोंग घेणाऱ्या हृदयविकारांत एक असा आहे, ज्याचा उलगडा जगाला महाराष्ट्रातल्या एका ग्रामीण डॉक्टरनं करून दिला. तो म्हणजे लाल इंचवाचा दंश. माण-खटाव, जत-आटपाडीच्या खडकाळ माळांवर, बांधाच्या दगडांत, विटांच्या आणि सरपणाच्या ढिगात इंचू नवा नाही. काळा इंचू आकारानं मोठा, पण मारतो तो बहुधा लहानसा लाल. त्याच्या विषानं शरीरातली स्वायत्त मज्जासंस्था खवळते, ॲड्रेनलिनसारख्या रसायनांचा लोंढा रक्तात सुटतो. दरदरून घाम, उलटी, हातपाय बर्फासारखे गार, आधी चढलेला आणि मग कोसळणारा रक्तदाब. कार्डिओग्राममध्ये झटक्यासारखे बदल, ट्रोपोनिन वाढलेलं, आणि काही तासांत फुप्फुसात पाणी. जुन्या वैद्यकीय लेखनात याला विषजन्य मायोकार्डायटिसच म्हणत.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातले. १९७६ च्या सुमारास ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले आणि इंचू चावलेली धडधाकट माणसं, पोरं त्यांच्यासमोर मरू लागली. त्यांनी शहराची वाट धरली नाही. रुग्णाच्या खाटेशी रात्र-रात्र बसून नोंदी केल्या. कुठल्या खुणा दिसल्या की हृदय धोक्यात आलं समजावं, हे सांगणारा त्यांचा लेख १९८२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढं त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध वापरून पाहिलं. विषानं आकसलेल्या रक्तवाहिन्या ते सैल करतं, त्यामुळं थकलेल्या हृदयावरचा भार उतरतो. १९८६ मध्ये तेही लॅन्सेटमध्ये छापून आलं. प्राझोसिनच्या आधी गंभीर दंशातले पंचवीस ते तीस टक्के रुग्ण दगावत. नंतर ते प्रमाण एक टक्क्याच्या घरात आलं. २०११ मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी सत्तर रुग्णांवरची चाचणी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडली: प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलं तर दहा तासांत सावरणारे रुग्ण कितीतरी जास्त. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या मते तो सन्मान बराच उशिरा आला.

या दंशात स्नायू मरण्यापेक्षा बधिर जास्त होतो, म्हणून वेळेत उपचार झाले तर हृदय काही दिवसांत पूर्ववत होतं आणि मागं व्रण फारसा उरत नाही. इंचू उतरवणाऱ्याकडं घालवलेले पहिले दोन-तीन तास मात्र परत मिळत नाहीत. मंत्रानं उतरला असं वाटतं, कारण बहुतेक दंश मुळात सौम्यच असतात.

विषाणूजन्य दाहाचा पुढचा मार्ग इतका सरळ नसतो, पण लोकांना वाटतो तितका काळवंडलेलाही नसतो. इटलीतल्या लोंबार्दी प्रांतात तीव्र दाहाच्या ४४३ रुग्णांचा पाठपुरावा झाला. दाखल होताना हृदयाची आकुंचनशक्ती शाबूत असलेल्या आणि ठोके फार न चुकलेल्या रुग्णांपैकी, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांशांपैकी, पाच वर्षांत हृदयामुळं एकही दगावला नाही किंवा कुणाला हृदयप्रत्यारोपण लागलं नाही. उरलेल्या पावभागात, ज्यांचं हृदय सुरुवातीलाच ढिलं पडलं होतं किंवा ठोके धोकादायक होते, हे प्रमाण सुमारे पंधरा टक्के निघालं. तेव्हा ‘माझं पुढं काय?’ या प्रश्नाचं उत्तर पहिल्या काही दिवसांच्या इकोत बरंचसं लिहिलेलं असतं. एमआरआयमध्ये उरलेला व्रण किती आणि कुठं, यावरून उरलेलं समजतं. काहींचं हृदय हळूहळू फुगत जातं आणि त्यांना हृदय निकामी होण्यावरची औषधं दीर्घकाळ घ्यावी लागतात. काहींना दाह पुन्हा होतो. छान बरं वाटत असलं तरी तीन आणि सहा महिन्यांनी इको आणि दिवसभर ठोके नोंदवणारा होल्टर करून घ्यायचा तो याचसाठी.

उपचार ऐकायला साधेच: हृदयावर ताण कमी करणारी औषधं, काही दिवस मॉनिटरखाली, आणि हृदय अगदीच थकलं तर यंत्राचा तात्पुरता आधार. स्टेरॉइड सगळ्यांना देत नाहीत. १९९५ मध्ये अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत सरसकट दिल्यानं फायदा दिसला नव्हता. विशिष्ट प्रकारांतच त्यांचा उपयोग. अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनानं आणून खाणं या आजारात नडू शकतं.

सर्वांत महत्त्वाचं औषध कुठल्याही दुकानात मिळत नाही, आणि आपल्याकडं नेमकं तेच कुणाला पचत नाही: विश्रांती. हा सगळा मुलूख अंगमेहनतीचा अभिमान बाळगणारा. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन आले. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पळाली. कवठेपिरानच्या पैलवान मारुती मान्यांचं नाव अजून तालमीतालमीत निघतं. अपशिंगे गाव तर ‘मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं. दरवर्षी पावसात हजारो लोक यवतेश्वरचा घाट चढत हिल मॅरेथॉन पळतात. ‘ताप काय, घामानं उतरतो’ हे या मातीतलं शहाणपण आहे, आणि या एका बाबतीत ते साफ चुकीचं आहे.

१९७० मध्ये अमेरिकी संशोधकांनी उंदरांना कॉक्सॅकी विषाणूची लागण करून त्यांतल्या काहींना पोहायला लावलं. पोहणाऱ्यांच्या हृदयात विषाणू कितीतरी पटींनी वाढला. उंदरांवरचा प्रयोग माणसाला जसाच्या तसा लावू नये, हे खरं. पण स्वीडनमध्ये १९७९ ते १९९२ या काळात नकाशा घेऊन रानातून पळण्याच्या खेळातले सोळा तरुण धावपटू अचानक मेले, आणि शवविच्छेदनात त्यांतल्या अनेकांच्या हृदयात दाह सापडला. तिथल्या संघटनेनं वरच्या दर्जाच्या स्पर्धा सहा महिने बंद ठेवल्या आणि तापात सराव करायचा नाही हा नियम पक्का केला. सुजलेल्या स्नायूतून विजेचे संदेश वेडेवाकडे फिरतात आणि जोराच्या श्रमात ठोका अचानक जीवघेणा बिघडू शकतो, हे त्यामागचं कारण.

दाह झालेल्याला पूर्वी सरसकट तीन ते सहा महिने खेळ बंद सांगत. २०२५ च्या युरोपीय मार्गदर्शनानं ते थोडं लवचीक केलं: किमान एक महिना पूर्ण थांबायचं, आणि पुढं रक्त, इको, होल्टर, गरजेप्रमाणं एमआरआय, व्यायामाची चाचणी बघून ज्याचं त्यानं डॉक्टरांबरोबर ठरवायचं. भरतीची तारीख ठरवून हृदय बरं होत नाही. एक भरती चुकली तर पुढची निघते. वयाची अट संपत आलेल्याला हे सांगणं कठीण आहे, तरीही सांगावंच लागतं.

तालमीतल्या वस्तादांना, अकॅडमी चालवणाऱ्या माजी सैनिकांना आणि शाळेतल्या पीटीच्या गुरुजींना म्हणून एक विनंती. पोराला ताप, कणकण, जुलाब असतील तर त्याला मैदानावर घेऊ नका, बैठका मारायला लावू नका, आणि ताप उतरल्यावरही काही दिवस हलकंच चालवा. त्या दिवसांत तो छातीत दुखतंय म्हणाला, पळताना डोळ्यांपुढं अंधारी आली, किंवा नेहमीच्या अर्ध्या अंतरात धाप लागू लागली, तर त्याला कामचुकार म्हणू नका. त्याच दिवशी कार्डिओग्राम काढायला पाठवा, आणि डॉक्टरांना त्याचा आधीचा ताप आठवणीनं सांगा.